खान्देशी प्राणी काढा, पण हिशेबासकट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'निश' नावाचा संगणकावरचा खेळ आपल्याकडच्या काही शाळकरी मुलांपर्यंत पोचला आहे. झुरिचच्या स्ट्रे फॉन स्टुडिओने तो २०१७ मध्ये पूर्ण रूपात आणला. त्यात मारामारी कमी आणि वंशावळ जास्त. एका काल्पनिक प्राण्याची टोळी सांभाळायची, अन्न गोळा करायचे, शिकाऱ्यांपासून पिल्ले वाचवायची आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची ते ठरवायचे. प्रत्येक गुणासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक अशी जनुकांची जोडी असते. प्रभावी जनुक दिसते, अप्रभावी दडून राहते. गवताळ बेट, जंगल, बर्फाळ प्रदेश असे मुलूख बदलत जातात. मुले मग वहीत स्वतःचे प्राणी काढतात आणि 'आपल्या खान्देशात असा प्राणी असता तर' म्हणून कल्पना लढवतात. या चित्रांत कल्पकता भरपूर असते, हिशेब मात्र नसतो. तापीच्या खोऱ्यात तो प्राणी मे महिना काढेल का, हे कोणी विचारत नाही. ते कसे विचारायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात उन्हापासून. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. सस्तन प्राण्याच्या रक्ताचे तापमान ३७ ते ३९ अंश. म्हणजे भर दुपारी हवा अंगापेक्षा गरम. खान्देशी प्राण्याला मुले हटकून मोठे कान देतात, कारण हत्ती आणि ससा कानांतून उष्णता बाहेर टाकतात हे पाठ्यपुस्तकात असते. पण कान थंडावा देतात ते हवा रक्तापेक्षा थंड असेपर्यंतच. ४५ अंशांत तेच कान उष्णता आत ओढतात. मोठे कान द्यायला हरकत नाही, मात्र दुपारी त्यांतल्या रक्तवाहिन्या आकसल्या पाहिजेत, प्राणी सावलीत बसला पाहिजे आणि कानांचे खरे काम पहाटे व रात्री झाले पाहिजे. चित्राखाली ही एक ओळ नसेल तर कान चुकले.

दुपारी उरतो एकच मार्ग, पाण्याची वाफ करणे, म्हणजे घाम किंवा धाप. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आता दोन प्राणी घ्या, एक २० किलोचा आणि एक २ किलोचा. सस्तन प्राण्याचा पूर्ण विश्रांतीतला दिवसाचा खर्च काढायचे ढोबळ सूत्र असे: किलोतल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात आणि त्याला ७० ने गुणायचे. २० किलोला सुमारे ६६० किलोकॅलरी येतात, २ किलोला सुमारे १२०. हिंडण्या-फिरण्यासह हे अडीच-तीनपट धरले तर मोठ्याला २,०००, लहानाला ३००. ही सगळी उष्णता वाफेवाटेच काढायची म्हटली तर मोठ्याला दिवसाला साडेतीन लिटर पाणी लागेल, वजनाच्या सतरा टक्के. लहानाला अर्धा लिटर लागेल, पण तो त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा आहे! रात्री काही उष्णता फुकटात निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे खाली येतील. शिवाय दुपारी बाहेरून येणारी उष्णता यात धरलेलीच नाही. पण प्रमाण बदलत नाही. लहान प्राण्याला धापेवर जगणे परवडत नाही. त्याने बिळात जावे आणि रात्री बाहेर पडावे. मोठ्याला सावली आणि पाणवठा, दोन्ही लागतात. दोन किलोचा प्राणी भर उन्हात पठारावर धावताना काढला असेल तर तो संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

बीळ कुठे, हाही प्रश्न आहे आणि इथे खान्देशाची माती आडवी येते. जमिनीत हात-दोन हात खाली गेले की दिवसाचा चढउतार फारसा जाणवत नाही, त्यामुळे बीळ ही उत्तम युक्ती. पण भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात फुगते. मे महिन्यात भेगेचे आयते बीळ मिळते. जूनमध्ये तेच मिटते, किंवा त्यात पाणी साचून पिल्ले गुदमरतात. म्हणून कायमचे बीळ हवे बांधात, मुरमाड उतारावर किंवा नाल्याकाठच्या पोयट्याच्या दरडीत, तोंड पुराच्या रेषेच्या वर. पिल्लांचा जन्म कधी, तेही इथेच ठरते. पावसाळ्यात किडे, कंद, कोवळे गवत असते. तेव्हा आई दूध पाजत असली पाहिजे. गर्भकाळ दोन महिन्यांचा धरला तर जोड्या एप्रिलअखेर ते मेमध्ये लागायला हव्यात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत हलाखीच्या दिवसांत. त्याकरिता शेपटीत किंवा पाठीवर चरबीचा साठा हवा. एक ग्रॅम चरबीत नऊ किलोकॅलरी असतात आणि ती जळताना तिच्या वजनाहून थोडे जास्तच पाणी शरीरात तयार होते. आमच्या मते खान्देशी प्राण्याला द्यायचा सर्वांत उपयोगी अवयव जाड शेपटी हाच आहे. मुले मात्र पंख देतात.

रंगाचे थोडक्यात. खेळात अंगाचा रंग भवतालाशी जुळला की लपायला मदत होते, आणि ते बरोबर आहे. पण आपल्याकडे तेच शेत मेमध्ये काळे असते आणि ऑगस्टमध्ये हिरवे. दिवसा बिळात असणाऱ्याला याची फिकीर नाही. दिवसा वावरणाऱ्याला मातकट करडा रंग, अंगावर तुटक पट्टे, एवढे पुरे.

अन्नसाखळीत गोंधळ जास्त होतो. दर चित्रात एक महाभयंकर मांसभक्षक असतो आणि त्यांचा कळप असतो. एका पायरीवरच्या ऊर्जेतला ढोबळ दहावा भाग वरच्या पायरीला मिळतो, हे नववी-दहावीत शिकवतात. त्याहून हाताशी येणारा आकडा असा, की मांसभक्षकांच्या अभ्यासात भक्ष्याच्या १०,००० किलो वजनामागे एका जातीच्या शिकाऱ्यांचे सुमारे ९० किलो वजन तगते, असे आढळले आहे. म्हणजे तुमचा शिकारी ३० किलोचा असेल तर दहा टन हरणे, रोही, रानडुकरांमागे तीन शिकारी. बारा जणांचा कळप काढायचा तर आधी चाळीस टन भक्ष्य काढा. मुक्ताईनगरकडे वाघ केळीच्या बागांतून वावरतो, हे खरे. पण बाग त्याला सावली, ओल आणि आडोसा देते. केळी काही तो खात नाही. त्याचे पोट बागेत शिरणाऱ्या रानडुकरावर आणि लगतच्या जंगलावर चालते. आडोसा आणि अन्न हे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

प्रत्येक जातीची स्वतःची एक जागा असते. कुठे राहायचे, कधी बाहेर पडायचे, काय खायचे, हे तिन्ही मिळून ती जागा ठरते आणि खेळाचे नावच त्यावरून आहे. याचा आपल्या दारातला नमुना म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षितज्ज्ञाने या छोट्या घुबडाचे वर्णन केले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. (मधल्या काळात तो सापडू नये अशीच व्यवस्था झाली होती. माइनर्ट्झहॅगन या गृहस्थाने डेव्हिडसन या संग्राहकाने खान्देशात मिळवलेला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ सालची गुजरातची खोटी चिठ्ठी लावली आणि लोक भलतीकडे शोधत राहिले.) आता याची जागा पाहा. सागाचे पानगळीचे रान, ढोलीत घरटे, शिकार बरीचशी दिवसाउजेडी, भक्ष्यात सरडे-पाली आणि उंदीर. त्याच मुलखात ठिपकेदार पिंगळा आहे, तो वस्तीच्या जवळ राहतो आणि मुख्यतः रात्रीचा. दोघांचे आकारमान जवळपास सारखे असूनही वेळ आणि ठिकाण वेगळे असल्याने दोघांचेही निभते. काल्पनिक पक्षी काढताना या दोघांच्या मधली कोणती फट त्याला देणार, हे लिहा. ढोल्या असलेली जुनी झाडे तोडली तर फट आपोआप बुजते, हेही.

आता दिसत नाही त्या भागाकडे. खेळात दात, नख्या, पंख यांवर मुलांचा जीव, पण आम्हाला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते ती प्रतिकारशक्तीची जनुकजोडी. ती अंगावर दिसत नाही. दोन्ही जनुके वेगळी असतील तर प्राणी धडधाकट. दोन्ही एकच असतील तर लवकर आजारी. मुले सगळ्यांत देखणा नर निवडून त्याच्याच लेकी-नातींशी जोड्या लावत जातात. काही पिढ्यांनी सगळ्यांची जोडी एकसारखी होते आणि टोळी आजाराने संपते. मुलांना वाटते, खेळ बिघडला. तो बरोबर चाललेला असतो. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात एखाद्या ठिकाणची दोन्ही जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याची शक्यता चारात एक असते. सावत्र भावंडांच्या पिल्लात आठात एक, मामे-आते भावंडांच्या पिल्लात सोळात एक.

यापासून एक वेगळी गोष्ट निराळी ठेवली पाहिजे, आणि ती आपल्या केळीत दिसते. जळगावची केळी ही मुख्यतः एकाच वाणाची, ग्रँड नैनची. टिश्यू कल्चरचे रोप असो वा कंद, लैंगिक बीज नाहीच. गुणसूत्रे ३३, म्हणजे ११ चे तीन संच, त्यामुळे फळात धड बी धरत नाही. मृगबाग (पावसाळी लागवड) असो की कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडची), शेजारच्या खोडात आणि या खोडात जनुकांचा फरक जवळजवळ शून्य. येथे प्रश्न एका झाडाच्या जोडीचा नसून सगळ्यांचे कुलूप एकच असण्याचा आहे. रोगाला एक किल्ली जमली की सारी बाग उघडते. ग्रॉस मिशेल हा वाण पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्याला जगाच्या बाजारातून असाच गेला. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, मावा किडीमार्फत पसरतो तेव्हा बागेत एखादे खोड निसर्गतः सुटेल अशी आशा का धरता येत नाही, तेही यातून कळते. उपटून नष्ट करणे आणि मावा आवरणे एवढेच हाती राहते. म्हणून काल्पनिक टोळीत दोन गोष्टी तपासाव्यात: प्रत्येकाची जोडी वेगळी आहे का, आणि टोळीत एकूण किती प्रकार आहेत.

संगणक नसलेल्या वर्गातही हे करता येते. आठ मुले, एक डबा, एक फासा आणि सहा कोरे कागद. कागद पाच वेळा दुमडून फाडला की एकाच्या ३२ चिठ्ठ्या होतात. पहिल्या पिढीसाठी १६ चिठ्ठ्या: आठ अक्षरे, प्रत्येक दोनदा. डब्यात हलवून प्रत्येकाने दोन काढायच्या, ही त्याची जनुकजोडी. पुढच्या पिढीला आठ पिल्ले हवीत. प्रत्येक पिल्लासाठी डब्यातून दोन मुलांची नावे काढायची आणि लगेच परत टाकायची. ज्यांची नावे आली त्यांनी आपल्या दोन चिठ्ठ्या पाठीमागे फिरवून एक उघडायची आणि तिचे अक्षर नव्या चिठ्ठीवर उतरवायचे. मूळ चिठ्ठी द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या पिल्लाच्या वेळी आई-बापाकडे एकच शिल्लक राहते. हा घोटाळा हमखास होतो. आठ पिल्ले झाली की जुन्या १६ चिठ्ठ्या बाजूला. अशा दहा पिढ्या. प्रत्येक पिढीत उरलेल्या विविधतेचा सुमारे सोळावा भाग जातो, म्हणून दहाव्या पिढीला ती निम्म्यावर येते आणि आठ अक्षरांपैकी सहसा तीनएक उरतात. कोणते अक्षर उरेल ते चांगले-वाईट यावर ठरत नाही, निव्वळ योगायोगावर ठरते. दोन तासिका लागतात.

घाई म्हणून चार जोड्या ठरवून प्रत्येकीला दोनच पिल्ले द्यायची, असे बरेच जण करतील. तसे केल्यास विविधता जवळपास निम्म्याच वेगाने घटते, कारण सगळ्यांना संततीचा सारखा वाटा मिळतो. खऱ्या जंगलात तसा मिळत नाही. मात्र प्राणिसंग्रहालयात दुर्मीळ प्राण्यांची पैदास करताना मुद्दाम याच्या जवळ जातात, म्हणून दोन्ही रीती करून फरक पाहणे उत्तम. दुसऱ्या खेपेला आजाराची फेरी घ्या: ज्या पिल्लाची दोन्ही अक्षरे एक, त्याने फासा टाकायचा; १, २ किंवा ३ पडले तर ते गेले, त्याच्या जागी पुन्हा नावे काढायची. तिसऱ्या खेपेला दर पिढीत शेजारच्या गटाशी एकच पिल्लू बदलायचे. एवढ्याशा देवघेवीने अक्षरे किती टिकतात ते पाहून मुले थक्क होतात. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, अनेर धरणाचे अभयारण्य शिरपूरकडे आहे. दोन्हींच्या मध्ये शेते आणि रस्ते आहेत. शेजारचा गट म्हणजे काय, हे तिथे नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.

खेळाबद्दल एक तक्रार आहेच. त्यात पुढच्या पिढीत कोणते जनुक उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातल्या अचानक बदलाने, यावे याची निवड खेळणारा करू शकतो. खेळ म्हणून ठीक आहे. पण त्यातून मुलांच्या उत्तरपत्रिकेत 'गरज पडली म्हणून पंख फुटले' असे वाक्य येते. उत्परिवर्तन गरज विचारून होत नाही. आधी होते, मग कोण तगते ते भवताल ठरवतो. शिवाय खेळात एक अवयव म्हणजे एक जनुक. खऱ्या पंखामागे अनेक जनुके असतात.

हे पटवायला कपाशीइतके चांगले उदाहरण खान्देशात दुसरे नाही. बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी, देशात २००२ मध्ये आली. तिच्यातल्या क्राय१एसी या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत २००९ च्या हंगामातल्या नमुन्यांत आढळली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन प्रथिनांच्या वाणांवरही तिने हाहाकार केला. अळीने बीटी खाऊन सवय करून घेतली, असे पारावर बोलतात. तसे झालेले नाही. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी आणि विरळ. समजा ते शंभरात एक आहे. मग दोन्ही प्रती असलेली अळी दहा हजारांत एक, एकच प्रत असलेल्या शंभरात जवळपास दोन. सगळे शेत बीटी असेल तर फक्त ती दहा हजारांतली एक वाचते, आपल्यासारख्याच दुसऱ्या वाचलेलीशी जोडी लावते आणि पुढची सगळी पिल्ले प्रतिकारक. बिगर-बीटी ओळी लावल्या असत्या तर तिथून भरपूर साधे पतंग निघाले असते, जोड्या त्यांच्याशी लागल्या असत्या आणि पिल्लांना एकच प्रत मिळून ती बीटीवर मेली असती. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी येई ती यासाठी. ती बहुतेकांच्या बांधावर पडून राहिली. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, ठेवून अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण मिळाले. काल्पनिक प्राण्याचा 'शत्रू' काढणाऱ्या मुलाने हा हिशेब स्वतः करून पाहावा. शत्रूही बदलतो, हे खेळात फारसे येत नाही.

सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराबद्दल एकच सावधगिरी. नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे हा आजार आहे. एक प्रत असलेल्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, दोन प्रती असलेला आजारी पडतो. जोडीत वेगवेगळी जनुके असण्याचा फायदा शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. पण हे शिकवताना कोणत्याही समाजाकडे बोट जाऊ नये आणि खेळातली 'कमकुवत पिल्ले टोळीतून काढा' ही भाषा इथे कदापि आणू नये. ती शास्त्रानेही चूक ठरते: अप्रभावी जनुक दहात एक असेल तर आजारी शंभरात एक आणि वाहक अठरा. जनुके वाहकांमध्ये लपलेली असतात. म्हणून खरा उपाय रक्ततपासणी आणि समुपदेशन हाच आहे. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत तो चालू आहे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रे येतातच. त्यांत एक कोपरा काल्पनिक खान्देशी प्राण्यांना द्यावा, अशी विनंती आहे. चित्रासोबत चार गोष्टी मागवाव्यात: प्राण्याचे वजन, मे महिन्यातल्या एका दिवसाचे पाणी, त्याच दिवसाचे अन्न आणि ते कुठून मिळते, आणि जवळची दुसरी टोळी किती किलोमीटरवर आहे. आकडे चुकले असले तरी चित्र छापावे. चूक दाखवणारी पत्रे पुढच्या आठवड्यात येतील, तीही छापावीत.

आपल्या,
जीवशास्त्राच्या दोन शिक्षिका,
चोपडा, जि. जळगाव